हवा झाल्याशिवाय

पहाटे पावणेपाचला कात्रज डेपोत
गाडी सुरू करून मी काट्याकडे बघत बसतो.
हवा झाल्याशिवाय ब्रेक सुटत नाही,
हे मला सव्वीस वर्षं ठाऊक.
माणसाचंही असंच काहीसं असतं
हे सांगायला मोडक डॉक्टरीणबाई लागल्या.

त्याआधी पद्मावतीच्या सिग्नलला मी मिटलो होतो.
पाय ब्रेकवर, गाडी जागच्या जागी,
दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला,
मागे अख्खा सातारा रस्ता हॉर्न वाजवत होता
आणि उज्ज्वला खिलारे, आमची कंडक्टर,
तिकिटाच्या मशीननं माझा खांदा ठोकत होती.
पॅसेंजर हसले.
ती हसली नाही.

मग एक रात्र डोक्याला चिकट काहीतरी फासून, वायरी लावून
दवाखान्यात झोपलो. झोपलो कसला,
पडून राहिलो, असं मला वाटलं.
कागदावर आलं: तासाला त्रेचाळीस वेळा
श्वास बंद.
घरी शालनला वाचून दाखवलं.
भाकरी थापता थापता म्हणाली,
"त्रेचाळीसच? मला वाटलं जास्त असतील."

आमचे अण्णा असेच घोरायचे.
झोपेतच गेले.
पुण्यवान माणूस, म्हणाले सगळे,
मीही म्हणालो.

मशीन आलं, हप्त्यावर.
पोळ्यांच्या डब्याएवढं, राखाडी. एक नळी, एक मास्क.
पहिल्या रात्री वाटलं,
पळत्या गाडीच्या खिडकीतून कुणीतरी
माझं तोंड बाहेर धरून ठेवलंय.
दुसऱ्या रात्री मास्क कधी काढून फेकला, आठवत नाही.
तिसऱ्या रात्री हवा मिशीखालून गळायला लागली,
बारीक पंक्चरसारखी, फुस्स, फुस्स,
थेट डोळ्यात.
चौथ्या दिवशी मिशी काढली.
एकतीस वर्षांची. लग्नाच्या फोटोतली.
डेपोच्या गेटवर वॉचमननं ओळखपत्र मागितलं.

नातू म्हणाला, "आबा, तू लोहगावचा पायलट!"
मला दे, मला दे, म्हणून रडला,
लावून घेतला, लगेच काढला.
"आत खूप वारा आहे, आबा."
हो रे बाबा.

टाकीत साधं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड लागतं.
मी म्हटलं, बॅटरीचं आणू का डेपोतून?
मोडकबाईंनी माझ्याकडे असं बघितलं
की मी मेडिकलमधून दोन बाटल्या आणल्या.
वर कार्डात रोजचे तास लिहिले जातात,
किती झोपलो, किती गळलं, सगळं.
लॉगशीट आता घरीपण.

अकराव्या रात्री लागली झोप.
विहिरीत दगड जावा तशी.
उठलो तर शालन भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल.
"आवाजच नाही तुमचा," म्हणाली.
"तीनदा छातीवर हात ठेवून बघितलं."

तेव्हा कुठे हिशोब लागला.
इतकी वर्षं माझं घोरणं थांबलं की
ती कोपर मारायची बरगडीत, अंधारात, अंदाजानं,
आणि सकाळी बरगडी दुखते म्हणून
मी गाडीच्या सीटला शिव्या द्यायचो.
दोनदा तक्रार केली होती वर्कशॉपला.
लेखी.

परवा गुरुवार. दुपारी लाईट गेली.
पहिली पाळी संपवून आडवा झालो होतो,
मशीन बंद पडलं, दचकून मास्क ओढून काढला.
शेजारी शालन, गाढ.
हल्ली दुपारची झोपायला लागली आहे.
तोंड थोडं उघडं,
नाकात एक बारीक शिट्टी.
मी मोजत बसलो तिचे श्वास.
एकशे बारापर्यंत आलो, एकही चुकला नाही,
तरी कोपर आपलं तयार ठेवलं होतं.
पंखा फिरला. मशीननं टुं केलं.
डोळे न उघडताच ती म्हणाली,
"घाला तो परत."